सहाशे बावीस रुपयांचा टोमॅटो

मागच्या वर्षी आमच्या बाल्कनीत अकरा टोमॅटो आले. खरं तर तेरा आले होते, पण दोन बुलबुलाने अर्धे अर्धे खाऊन ठेवले, त्यामुळे ते मोजायचे की नाही यावर घरात अजून एकमत नाही. नवऱ्याला एक्सेलचा नाद आहे. त्याने एका रविवारी बसून ग्रो बॅगा, कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा, गांडूळखत, निंबोळी पेंड, हिरवी जाळी, झारी, तीन मजली लोखंडी स्टँड आणि मी "बघूया तरी" म्हणून मागवलेलं मातीची ओल मोजायचं यंत्र, या सगळ्याची बेरीज मारली. ती आली ६,८४०. भागिले अकरा. म्हणजे एक टोमॅटो ६२२ रुपयांना पडला. "बुलबुलाचे धरले तर ५२६," तो म्हणाला, मला दिलासा देतोय अशा आवाजात.

मी म्हटलं, हौसेला मोल नसतं. तो म्हणाला, असतं ना, हे बघ, या सेलमध्ये आहे.

तर मला त्या सहाशे बावीसचं काही वाटत नाही. लोक याहून वाईट गोष्टींवर पैसे उडवतात. मला खुपतंय ते वेगळंच, की हा सगळा उद्योग मी पैसे वाचवायला नाही तर पृथ्वी वाचवायला म्हणून सुरू केला होता, आणि त्या ओल मोजायच्या यंत्राचा खोका उघडताना आतून थर्माकोलचे दोन तुकडे, बबलची पिशवी, सिलिका जेलची पुडी आणि सहा भाषांमधलं माहितीपत्रक निघालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की पृथ्वीला बहुतेक माझ्या मदतीपेक्षा माझं घरात गप्प बसणं जास्त परवडलं असतं. यंत्र मातीत खुपसलं तर ते म्हणालं 'कोरडी'. बोट खुपसलं तर बोटही तेच म्हणालं.

लंगोटीवाल्या साधूची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीये. लंगोटी उंदीर कुरतडतात म्हणून मांजर पाळलं, मांजराला दूध हवं म्हणून गाय आली, गाईला चारा हवा म्हणून शेत आलं, आणि शेवटी गुरू परत येऊन बघतात तर साधूचा संसार थाटलेला. माझी लंगोटी म्हणजे भाजीवाल्याने कोथिंबिरीबरोबर फुकट दिलेल्या दोन मिरच्यांमधली एक. तिच्या बिया मी दह्याच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि त्या उगवल्या. त्या उगवल्या नसत्या तर साताठ हजार वाचले असते.

कोकोपीटचंच घ्या. बाल्कनीवर वजन नको म्हणून माती कमी आणि कोकोपीट जास्त, हे सगळे व्हिडिओवाले सांगतात आणि ते बरोबरही आहे. पाच किलोची वीट येते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, ती टबात ठेवून वर वीस-पंचवीस लिटर पाणी ओतायचं, मग ती फुगत जाते, बघायला फार मजा येते. पण हे मी केलं ऐन एप्रिलमध्ये, सोसायटीत दिवसाला चार टँकर येत असताना. आणि वीट तर येते तमिळनाडूतून, हजारावर किलोमीटर ट्रकमध्ये बसून. नारळाच्या भुशात मुळातच क्षार असतात, ते काढायला तो भुसा तिकडे धुवावा लागतो, म्हणजे आधी तिथलं पाणी जातं आणि मग इथलं. पोल्लाची भागात तर या कारखान्यांनी भूजल खराब होतंय म्हणून इतकी ओरड झाली की २०२१ मध्ये तिथल्या प्रदूषण मंडळाने कोकोपीटला 'पांढऱ्या', म्हणजे जवळजवळ निरुपद्रवी, गटातून उचलून 'केशरी' गटात टाकलं. माझ्या विटेवर मात्र हिरवं पान छापलेलं होतं आणि खाली 'शंभर टक्के नैसर्गिक'. नैसर्गिक आहेच. त्याबद्दल वाद नाही.

आई तेव्हा गुहागरहून आलेली होती. तिने टबात हात घातला, थोडं चोळून बघितलं आणि म्हणाली, "अगो, हा सोडणाचा भुसा ना? पैसे देऊन आणलास?" आमच्याकडे सोडणं, म्हणजे नारळाची सालं, बंबात घालतात. मोरीचं पाणी अळवाला जातं, भाजीची देठं आणि माशाचं पाणी केळीच्या बुंध्यात, राख भांड्यांना. यातल्या कशालाही आईने कधी पर्यावरण म्हटलेलं नाही. ती त्याला परसू म्हणते. आता इथे मला गहिवरून यायला हवं आणि पूर्वीचे लोक निसर्गाच्या किती जवळ होते वगैरे लिहायला हवं, पण तीच माझी आई हल्ली दुधाच्या पिशव्या आणि फरसाणाची पाकिटं चुलीत घालते, कारण गावात ती न्यायला कोणी येत नाही आणि परसात पुरली तर पावसात वर येतात. तिचं परसू केळीचं सोपट पचवू शकतं, चकचकीत पाकीट नाही पचवू शकत. ते पाकीट आईने बनवलेलं नाही, मागितलेलंही नाही, तिला फक्त फरसाण हवं होतं. पण त्याचं करायचं काय हा प्रश्न मात्र फरसाणाबरोबर फुकट आला.

इथेच कुठेतरी माझं डोकं सटकायला सुरुवात झाली, आणि उरलेलं काम मुलीच्या शाळेने केलं. ती सातवीत आहे. आधी 'बेस्ट आउट ऑफ वेस्ट'चा प्रोजेक्ट आला. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं आहेत त्यांना सांगायला नको, हा प्रोजेक्ट घरातल्या कचऱ्यातून कधीच होत नाही, कारण हव्या त्या वेळी हवा तो कचरा घरात नसतो. मग रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली आलेल्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन आईस्क्रीमच्या काड्यांचं नवं कोरं पाकीट, रंगीत झाकणं, थर्माकोलचा गोळा आणि ग्लू गन आणायची. दुकानदाराने तर 'वेस्ट'चा वेगळा कप्पाच केलाय. त्यातून आम्ही एक पेनस्टँड केला, त्याला 'ए ग्रेड' मिळाली आणि पंधरा दिवसांनी तो कचऱ्यात गेला.

त्यानंतर कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या जगण्यातून हवेत किती कार्बन जातो त्याचा हिशोब, काढून आणायला सांगितला. वेबसाइटवर प्रश्न होते, मांस किती वेळा खाता, गाडी कोणती, विमानात बसता का, कपडे किती घेता. उत्तर आलं की सगळे तुमच्यासारखे जगले तर पावणेदोन पृथ्व्या लागतील. मुलीने माझ्याकडे असं बघितलं की ती पाऊण पृथ्वी मी एकटीने फ्रिजच्या मागे लपवून ठेवलीये.

आता या फूटप्रिंटची कुळकथा अशी आहे की माणसाचा निसर्गावरचा भार 'पाऊलखुणे'त मोजायची कल्पना १९९० च्या दशकात कॅनडातल्या अभ्यासकांनी मांडली, चांगली कल्पना होती, पण 'तुमचा' कार्बन फूटप्रिंट किती हा प्रश्न घराघरात नेला तो २००४-०५ च्या सुमारास बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. त्यांनीच वेबसाइटवर कॅल्क्युलेटर ठेवला. म्हणजे जमिनीतून तेल काढून विकणारा माणूस दारात येऊन विचारतो, वहिनी, तुम्ही तेल जरा जास्तच जाळता नाही? आणि आपण ओशाळून म्हणतो, हो ना, कमी करायला हवं.

त्याच्याही आधीचा किस्सा अमेरिकेतला. १९५३ मध्ये तिथे 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' नावाची संस्था निघाली, आणि ती काढण्यात पुढे होते ते डबे-बाटल्या बनवणारे आणि शीतपेयं विकणारे. काचेची बाटली परत घ्यायची कटकट संपवून वापरा-आणि-फेकाचे डबे आणायचे तर फेकलेल्या डब्यांचा दोष कोणावर तरी जायला हवा होता, तो फेकणाऱ्यावर गेला. १९७१ मधली त्यांची जाहिरात गाजली, त्यात रेड इंडियन वेशातला एक माणूस कचरा बघतो आणि त्याच्या डोळ्यातून एक अश्रू ओघळतो, आणि निवेदक सांगतो की प्रदूषण माणसं सुरू करतात, माणसंच थांबवू शकतात. माणसं. कारखाने नाहीत. तो नट मुळात इटालियन वंशाचा होता हे पुढे उघड झालं, म्हणजे जाहिरातीत अश्रू खरा होता का तेवढंच विचारायचं राहिलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आपल्याकडेही २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, पहिल्यांदा सापडलात तर ५,००० दंड, आणि पहिल्या आठवड्यात कोण सापडलं तर भाजीवाले आणि फरसाणवाले. माझा भाजीवाला दोन महिने कागदात कोथिंबीर बांधून देत होता, मग हळूहळू ती पातळ पिशवी परत आली, टोपलीखालून. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापायची, किमान ५० पैसे, आणि ती परत घ्यायची व्यवस्था कंपन्यांनी करायची असंही होतं. दंडाची बाजू झटक्यात सुरू झाली. ५० पैशांची बाजू माझ्यापर्यंत आजवर पोचलेली नाही. रोज दोन पिशव्या धरल्या तर वर्षाचे ३६५ रुपये होतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त टोमॅटो.

अर्थात आपण म्हणजे अगदी संन्यासी आहोत असंही नाही. जगातल्या वरच्या दहा टक्के लोकांच्या खात्यावर निम्म्याच्या आसपास कार्बन उत्सर्जन जातं असं ऑक्सफॅमचे अहवाल सांगतात. दोन एसी आणि एक चारचाकीवाले आपण त्यात बसत नसू बहुतेक, पण आमच्या पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या शेजारी उभं राहिलं तर आपला फूटप्रिंट हत्तीचा आहे. त्यामुळे 'सगळं कंपन्यांचं पाप, आपण काय करणार' हे म्हणत तिसरं पार्सल मागवणाऱ्यांचाही मला राग येतो. तीसुद्धा एक सोयच आहे. माझी तक्रार एवढीच की आपल्या अपराधीपणाचं भांडवल करून तो आपल्यालाच परत विकला जातोय, बांबूच्या ब्रशच्या रूपात, स्टीलच्या स्ट्रॉच्या रूपात, आणि नर्सरीत प्रत्येक कुंडीवर चिकटवलेल्या 'एअर प्युरिफायिंग' या स्टिकरच्या रूपात.

त्या स्टिकरवर माझा खास राग आहे. १९८९ मध्ये नासाने बंद पेटीत झाडं ठेवून प्रयोग केले, काही रसायनं हवेतून कमी झाली, बास, तेव्हापासून स्नेक प्लांट आणि अरेका पाम डॉक्टर झाले. पुढे २०१९ मध्ये दोन संशोधकांनी असे सगळे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला की खऱ्या घरात, जिथे दारं-खिडक्या असतात, तिथे नुसत्या हवा खेळती राहण्याने जेवढी शुद्ध होते तेवढीच झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील. आमचा हॉल तेरा चौरस मीटर आहे. म्हणजे कमीत कमी १३० कुंड्या आणि जास्तीत जास्त १३,०००. मग पाहुणे आल्यावर त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न, आणि सोफा काढला तरी सासूबाई ऐकणार नाहीत. खिडकी उघडली तर काम होतं, पण खिडकीवर स्टिकर लावून ती विकता येत नाही. शिवाय खिडकी उघडली की समोरच्या साइटची धूळ येते, आणि ती धूळ का येते असं विचारायला गेलं तर ते बागकामात बसत नाही.

हे मला जास्त टोचतं. हल्ली सत्काराला शाल-श्रीफळाऐवजी रोपटं देतात, छान आहे, पण ज्या आठवड्यात हॉलमध्ये मनीप्लांट वाटले जातात त्याच आठवड्यात बाहेर रस्तारुंदीत वडाचं झाड पडतं आणि आपल्या मनात कुठेतरी बेरीज-वजाबाकी होऊन जाते. मुंबईच्या आरेत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत कापाकापी सुरू झाली, सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. त्याच वर्षी राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम जोरात होता. कागदावर बघितलं तर आपण ३२ कोटी ९९ लाखांनी पुढे आहोत! इकडे पुण्यात वेताळ टेकडीवरून रस्ता नको म्हणून २०२३ च्या एप्रिलमधल्या उन्हात लोक चालले, त्यात माझ्या टेरेस गार्डन ग्रुपमधले चारच जण होते. ग्रुपमध्ये आहेत अडीचशे. बाकीच्यांनी त्या दिवशी जास्वंदाचे फोटो टाकले. मीही टाकला होता, खोटं कशाला बोला, मिलीबग या किडीवर ताक मारू की कडुनिंबाचं तेल असं विचारायला. चाळीस उत्तरं आली.

म्हणजे मग सगळं सोडून द्यायचं का? नाही. एक गोष्ट या सगळ्या प्रकारात खरोखर हिशोबाला उतरते, आणि ती दिसायला सगळ्यात घाण आहे. कंपोस्ट.

पुण्याचा कचरा दिवसाला दोन हजार टनांच्या वर. वर्षानुवर्षं तो फुरसुंगी-उरुळी देवाचीला ओतला गेला, तिथल्या लोकांनी विहिरी नासलेल्या बघितल्या, गाड्या अडवल्या, २०१७ मध्ये डेपोला आग लागल्यावर तर आठवडेच्या आठवडे शहराचा कचरा तुंबला आणि तेव्हा कुठे पेठांमधल्या लोकांना फुरसुंगी नकाशात कुठे आहे ते कळलं. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्मा किंवा त्याहून जास्त ओला असतो. तो ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन होतो, आणि वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीएक पट जास्त तापवतो. तोच कचरा हवा लागेल असा कुजला तर खत. यात मधे कुठला ब्रँड नाही. म्हणजे आता तेही आलेत, देखणे टेराकोटाचे डबे आणि 'कल्चर'ची पाकिटं, पण रंगाच्या जुन्या बादलीला गरम सळईने भोकं पाडली आणि वाळका पाला टाकला की काम होतं. आंबट ताक घाला वाटल्यास.

माझी बादली उघडून बघा कधी. पहिला महिना वास येतो, कारण आपण नुसती सालं टाकत जातो आणि पाला विसरतो. मग पाला टाकायला शिकतो. दुसऱ्या महिन्यात एक दिवस झाकण उघडलं की आत पांढरट, करड्या, जाड अळ्यांची वळवळ दिसते आणि माणूस झाकण टाकून पळतो. त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, कलिंगडाचं साल दोन दिवसांत फस्त करतात, कान दिला तर बारीक चरचर ऐकू येते. मुलीने आधी किंचाळून घेतलं, मग त्यांना कलिंगड आवडतं की पपई याची वहीत नोंद ठेवायला लागली (कलिंगड). थंडीत सकाळी हात वर धरला तर बादलीतून ऊब येते. कोणी पेटवलेलं नाही, वायर नाही, तरी गरम. आणि तीन महिन्यांनी खालच्या झाकणातून काळं, भुसभुशीत असं काही निघतं ज्याला पहिल्या पावसाचा वास असतो. मला या सगळ्यात जो आनंद होतो तो मी पृथ्वीवर उपकार करते म्हणून होत नाही, हे आता मी कबूल केलंय. मला ते आवडतं. लहानपणी चिखलात खेळायला आवडायचं तसं.

पण नुसतं आवडणंही आता धड राहू देत नाहीत. मैत्रीण आली, खत बघितलं आणि पहिलं वाक्य, "अगं, तू हे विकत का नाहीस?" दुसरी म्हणाली वर्कशॉप घे, झूमवर, हजार-पंधराशे लाव माणशी. लॉकडाऊनमध्ये ज्यांनी ज्यांनी क्रोशा, मेणबत्त्या, पाव काही म्हणून हातात घेतलं त्यातल्या निम्म्यांचं सहा महिन्यांत इन्स्टावर दुकान निघालं, आणि ज्यांचं नाही निघालं त्यांना वाटतं आपण कमी पडलो. लग्नाच्या बायोडेटात पूर्वी 'छंद : वाचन, बागकाम' असायचं, ते कोणी करत नसे, पण निदान त्यातून उत्पन्न किती असं तरी कोणी विचारत नसे. छंदाने एक तर पैसे मिळवले पाहिजेत नाहीतर जग वाचवलं पाहिजे, नुसतं बसून मातीत हात घालायला आता कारण द्यावं लागतं. मी मुद्दाम देत नाही. माझा टोमॅटो ६२२ चाच राहणार, त्याला वाजवी ठरवण्यासाठी मी त्याच्या डोक्यावर ध्रुवावरचं अस्वल बसवणार नाही.

आणि अस्वलाचं जे काही करायचं ते बाल्कनीच्या बाहेर. आमच्या घराचा ओला कचरा रोजचा अर्धा किलो, वर्षाला पावणेदोनशे किलोच्या आसपास. शहराच्या दोन हजार टनांपुढे तो शिंकेसारखा आहे. पण कचऱ्याच्या नियमांनुसार दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्या सोसायट्यांनी आपला ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवायचा आहे, आणि आम्ही दोनशे चाळीस फ्लॅट आहोत. बिल्डरने ताबा देताना खत करायचं मशीनही दिलंय, कारण त्याशिवाय त्याला परवानगी मिळाली नसती. ते पार्किंगच्या कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीखाली उभं आहे. त्यावर आता मांजर पिल्लं घालते. साधूची गोष्ट आमच्याकडे मांजरापाशीच थांबली.

कचरा घ्यायला येणाऱ्या ताई 'स्वच्छ'च्या आहेत, पुण्यातल्या कचरावेचक बायकांची ही सहकारी संस्था, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची १९९३ पासूनची संघटना. मी त्यांना एकदा मोठ्या अभिमानाने सांगितलं की आम्ही ओला कचरा देत नाही, घरीच जिरवतो. त्या म्हणाल्या, "चांगलंय की ताई. पर वर धाव्या मजल्यावाल्यांना सांगा, डायपर वल्ल्यात टाकत्यात. ते हातानं काढाय लागतंय मला." माझ्या पावणेदोनशे किलोंबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

म्हणून यंदाच्या वार्षिक सभेत मी मशीनचा विषय काढला. महिन्याचं वीजबिल, एक माणूस, वाळका पाला, सगळं नवऱ्याकडून एक्सेलमध्ये करून नेलं होतं, फ्लॅटमागे महिन्याला साठ रुपये येत होते. पंधरा मिनिटं चर्चा झाली, त्यातली बारा मिनिटं वास येईल का यावर. मग पाहुण्यांच्या गाड्यांचा विषय आला आणि तो पाऊण तास चालला. मशीनचा विषय पुढच्या सभेवर गेला. चेअरमनकाका बाहेर पडताना जवळ आले, म्हणाले तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे हं, जागरूकता हवी लोकांमध्ये. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "तुमच्याकडे ते घरचं खत असतं ना, दोनेक किलो मिळेल का? माझं अडेनियम काही फुलत नाहीये."

दिलं मी. फुकटच.